ब्रेकचें तेल, जें तेल नव्हे



प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविण्यांत ज्याचीं छत्तीस वर्षें गेलीं आणि ज्याची स्वतःची मजल शालान्त परीक्षेच्या पुढें गेली नाहीं, अशा मनुष्यानें मोटारीच्या ब्रेकविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हें. परंतु आमच्या घरीं १९६६ सालीं बनलेली एक फियाट ११०० डी गाडी आहे. वडिलांनीं ती १९७४ मध्यें जुनी म्हणून घेतली आणि त्यांच्या मागें ती माझ्याकडे आली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तिचा जन्म झाला. हिचीच पुढची पिढी ‘पद्मिनी’ या नांवानें मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळें सर्वांच्या ओळखीची झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तसली शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, आणि तेव्हांपासून माझ्याकडे चौकशीस येणारे लोक वाढले आहेत. कोणाच्या आजोबांची गाडी पत्र्याच्या छपराखालीं वर्षानुवर्षें उभी असते. कोणी हौसेनें विकत घेतलेली असते. रंग लावून होतो, आसनांवर नवें कापड चढतें, आणि मग एके दिवशीं चाकाजवळ जमिनीवर एक ओला डाग दिसतो. त्या डागाविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

या ब्रेकची रचना मुळांत सोपी आहे. मी वर्गांत ती औषध टोंचण्याच्या दोन पिचकाऱ्या घेऊन दाखवीत असें. एक बारीक पिचकारी, एक जाड. दोहोंच्या तोंडांना जोडणारी एक नळी. आणि सगळीकडे कांठोकांठ पाणी. बारकीचा दट्ट्या दाबला कीं जाडीचा दट्ट्या वर सरकतो. सरकतो थोडा, पण जोर अधिक लावतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा नियम सतराव्या शतकांत फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यानें सांगितला. मोटारींत बारीक पिचकारीच्या जागीं पेडलास जोडलेलें मास्टर सिलिंडर असतें आणि जाड पिचकारीच्या जागीं प्रत्येक चाकांतील व्हील सिलिंडर. तेथील दट्टे बाहेर सरकले कीं ब्रेकचे अर्धवर्तुळाकार जोडे, ज्यांस कारागीर ‘शू’ म्हणतात, ते फांकतात. त्यांच्यावरील लायनर फिरत्या ड्रमच्या आंतल्या अंगावर घांसतात आणि गाडी थांबते.

हिशेबाच्या सोयीसाठीं गोल आंकडे घेऊं. पायानें १८ किलोंचा भार दिला आणि पेडलाच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर मुख्य दट्ट्यावर ९० किलो येतात. त्या दट्ट्याचें क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरलें, तर द्रवाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३० किलो. चाकांतील दट्ट्या ५ चौरस सेंटिमीटरांचा असेल, तर त्याच्या वांट्यास १५० किलो, आणि असे दट्टे चारही चाकांत आहेत. धांवती गाडी एका पायानें थांबते ती या गुणाकाराच्या बळावर.

मात्र हा गुणाकार एका अटीवर चालतो. द्रव बाहेर जातां कामा नये आणि हवा आंत येतां कामा नये. पाणी किंवा तत्सम द्रव दाबला तरी आकुंचन पावत नाहीं म्हटलें तरी चालेल. हवा मात्र स्पंजासारखी दबते. नळींत हवेचा बुडबुडा शिरला कीं पायाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांतच खर्ची पडतो. शिवाय माझ्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच मार्ग असतो. पुढील व मागील चाकांसाठीं, अथवा अन्य रीतीनें, दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याचा नियम अमेरिकेंत १९६८ च्या आरंभीं लागू झाला आणि हळूहळू ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. नव्या गाडींत एक मार्ग फुटला तरी दुसरा कांहींतरी लाज राखतो. जुन्या गाडींत एका चाकाजवळची गळती ही चारही चाकांची गळती असते.

आतां त्या द्रवाविषयीं. आपण सारे त्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतों, दुकानांतही त्याच नांवानें मागतों, आणि बहुतेक अनर्थांचें मूळ या नांवांत आहे. १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूझेनबर्ग कंपनीनें चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली गाडी विकावयास काढली. त्या आरंभींच्या काळांत या नळ्यांत एरंडेल व मद्यार्क यांचें मिश्रण घालीत, म्हणजे तेव्हां त्यांत तेलाचा अंश तरी होता. आज डबींतून जें मिळतें तें ग्लायकॉल जातीचें रसायन आहे. तें पाण्यांत मिसळतें. तेल मिसळत नाहीं. तें गाडीच्या रंगावर सांडलें तर रंग उचलतो, म्हणून सांडतांच भरपूर पाण्यानें धुवावें लागतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं सिलिंडरमधील ज्या रबरी वाट्या या द्रवास अडवून धरतात, त्या याच द्रवाशीं जुळणाऱ्या रबराच्या असतात. त्यांना इंजिनाचें तेल, ग्रीस, रॉकेल वा पेट्रोल लागलें कीं त्या फुगतात, मऊ पडतात आणि निकामी होतात. कोणी सद्हेतूनें कुपींत इंजिनाचें तेल ओतलें, तर एका वाटीचें नव्हे, झाडून साऱ्या वाट्यांचें व रबरी नळ्यांचें आयुष्य संपतें, आणि सर्व रबर बदलण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

या द्रवाचा दुसरा गुण, किंवा अवगुण म्हणा, असा कीं तो हवेंतील ओलावा शोषून घेतो. आपल्या पावसाळ्यांत ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. डॉट-३ या प्रतीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये असें मानक आहे. परंतु त्यांत ३.७ टक्के पाणी मिसळलें कीं ही मर्यादा १४० वर येते. डॉट-४ चे आंकडे २३० व १५५ आहेत. घाट उतरतांना ड्रम तापले कीं ओला द्रव आंतल्या आंत उकळतो, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल पायाखालीं पोकळ लागतें. गळतीच्या दृष्टीनें याहून वाईट म्हणजे तें पाणी सिलिंडरच्या बिडाला आंतून गंज चढवितें. गंजाचे खड्डे पडले कीं नवी कोरी वाटीही तेथें द्रव अडवूं शकत नाहीं.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षां अधिक गळते, हें पुष्कळांना खरें वाटत नाहीं. कारण साधें आहे. वाटीची कड दाबाच्या दिशेस तोंड करून असते. दाब आला कीं ती कड फांकून भिंतीस घट्ट बसते. ब्रेक दाबलेला असतांना ती आपलें काम चोख करते; गाडी विसांव्यास असतांना तिला घट्ट धरणारें कांहीं नसतें आणि भिंतीवरील गंजाच्या चरींतून द्रव रात्रभर झिरपतो. म्हणून छपराखालीं दहा वर्षें जपून ठेवलेली गाडी ही जपलेली गाडी नव्हे.

येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. १९९८ च्या मे महिन्यांत आम्ही सासवडहून पुण्यास परत येत होतों. त्याआधीं तीन आठवडे ब्रेकच्या कुपींतील पातळी उतरत होती. मीं गाडी ज्या मेस्त्रीकडे नेली, त्यानें मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या अंगाचा ओलावा पाहिला आणि म्हटलें, “हे अ‍ॅक्सलचं ऑइल आहे, मास्तर. सील जुनं झालंय. तोवर ब्रेकमध्ये ऑइल टाकत जा, चालेल.” मीं दर तीन-चार दिवसांनीं थोडें थोडें ओतीत गेलों. अ‍ॅक्सलचें तेल गळत असेल, तर ब्रेकची कुपी कां रिकामी होते, हा प्रश्न चौथीच्या मुलानेंही विचारला असता. मीं विचारला नाहीं.

दिवेघाटाच्या उतारावर, तिसऱ्या कीं चौथ्या वळणाच्या आधीं, पेडल एकाएकीं तळापर्यंत गेलें. पुन्हां पुन्हां दाबल्यावर एकदां किंचित् धरल्यासारखें वाटलें. नंतर कांहींच नाहीं. समोरून एक मालमोटार घाट चढत होती. स्टिअरिंगजवळच्या दांड्यानें गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यांत आणि मग मोठ्या खरखरीसह पहिल्यांत घातली. हातब्रेक हा लोखंडी जोडणीनें चालतो, त्याला या द्रवाची गरज नसते. तो हळूहळू ओढीत गेलों आणि डोंगराच्या अंगाच्या गटारींत डावीं चाकें उतरवून गाडी थांबविली. पत्नी एक अक्षर बोलली नाहीं. मागच्या आसनावर झोंपलेली पांच वर्षांची मुलगी हिसक्यानें जागी झाली आणि “आलं का पुणं?” म्हणून विचारूं लागली. मागचें डावें चाक आंतून टायरच्या कडेपर्यंत भिजलेलें होतें.

पुढें शेजारच्या एका निवृत्त फिटरनें मला जी परीक्षा शिकविली, ती आपणांपैकीं कोणासही स्वयंपाकघरांतील भांड्यानें करतां येईल. फक्त भांडें जुनें घ्यावें व नंतर तें स्वयंपाकास वापरूं नये, कारण हा द्रव विषारी आहे. संशयित ओलावा काडीनें उचलून स्वच्छ पाण्यांत सोडावा. तो वर तरंगला, रंगीत तवंग आला, तर तें तेल आहे. तो पाण्यांत विरघळून दिसेनासा झाला, तर तें ब्रेकचें ‘ऑइल’ आहे, आणि गाडी त्या क्षणापासून रस्त्यावर नेऊं नये. अ‍ॅक्सलचें तेल दाट असतें व त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचा द्रव पातळ व बोटांना बुळबुळीत लागतो. मागच्या चाकांत हीं दोन्ही एकाच ठिकाणीं गळूं शकतात, म्हणूनच ही परीक्षा मोलाची.

गळती कोठें शोधावी? बहुधा चाकांतच. गाडी जॅकवर तोलून धरून कधींही काम करूं नये. ती भक्कम घोड्यांवर टेंकवावी आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांस उटी लावावी. मग ड्रम उतरवावा. जुन्या लायनरांच्या भुकटींत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती फुंकून किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये, पाण्यानें भिजवून पुसून घ्यावी. गॅरेजमधील पोरें ती तोंडानें फुंकतात हें पाहून माझ्या अंगावर कांटा येतो. ड्रम काढलेला असतांना पेडलास कोणी हात वा पाय लावूं नये, नाहीं तर दट्टे उसळून बाहेर पडतात. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोंकांस धूळ अडविणाऱ्या रबरी टोप्या असतात. त्यांची कड हळूच उचलून पाहावी. आंत ओल असली, तर वाटीनें हात टेंकले असें समजावें, मग बाहेर थेंब दिसो वा न दिसो.

सिलिंडर उघडल्यावर तो स्पिरिटनें धुवावा. रॉकेल-पेट्रोलास या कामांत मज्जाव. आंतली भिंत उजेडांत धरून पाहावी आणि तिच्यावरून बोटाचें नख फिरवावें. नुसता डाग असेल, तर तो अगदीं हलक्या घांसणीनें जातो. नख कोठें अडकलें, तर मात्र मोह सोडावा: सिलिंडर नवा घालावा किंवा चांगल्या कारागिराकडून आंत पितळी अथवा न गंजणाऱ्या पोलादाची बाही बसवून घ्यावी. खड्डे जाईपर्यंत घांशीत बसल्यानें भोंक मोठें होतें आणि वाटी सैल पडते. खड्ड्यांच्या सिलिंडरांत ‘किट’ टाकून दिलेली गाडी दोन महिन्यांत परत येते, हें मीं अनेकदां पाहिलें आहे. नव्या वाट्या ताज्या ब्रेक-द्रवांत भिजवून, कड दाबाच्या बाजूस करून बसवाव्या. एका चाकाचें काम निघालें, तर त्याच अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या चाकाचेंही करावें. दोघांचें वय एकच असतें.

आणि भिजलेले लायनर? ते टाकून द्यावे, आणि तेही दोन्ही चाकांचे जोडीनें. कांहीं ठिकाणीं ते ज्योतीवर भाजून ‘कोरडे’ करून देतात. वरचा थर कोरडा होतो. आंत मुरलेला द्रव ड्रम तापतांच पुन्हां वर येतो, आणि ब्रेक लावतांना गाडी एका बाजूस ओढते. ओल्या रस्त्यावर या ओढीचा परिणाम काय होतो, तें सांगावयास नको.

चाकें कोरडीं निघालीं, तर नळ्यांकडे वळावें. पुढच्या दोन चाकांना आणि मागच्या अ‍ॅक्सलला मिळून तीन रबरी नळ्या बहुधा असतात. त्या वांकवून पाहिल्या म्हणजे भेगा दिसतात. कोणी पेडल दाबून धरलें असतां फुगवटा दिसतो. कधीं कधीं नळी बाहेरून धडधाकट असून आंतून सुजून बंद झालेली असते. मग पेडल सोडलें तरी त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीं. धातूच्या नळ्या चिमट्याखालीं, जेथें चिखल सांठतो तेथें, प्रथम कुजतात. त्यांवर डाक लावणें किंवा मधला तुकडा कापून नळाच्या जोडासारखा जोड देणें, हा जिवाशीं खेळ आहे. पुरी नळी बदलावी. ती तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूची मिळाल्यास उत्तम, कारण ती गंजत नाहीं. शुद्ध तांब्याची मात्र घालूं नये, हादऱ्यांनीं ती कडक होऊन तडकते. नळीच्या टोंकास दुहेरी दुमड द्यावी लागते, आणि त्यासाठीं निराळें हत्यार व सरावाचा हात लागतो. हें काम मीं स्वतः कधीं केलें नाहीं. जाणत्याकडून करून घेतलें.

राहतां राहिलें मास्टर सिलिंडर. त्याची गळती दोन प्रकारची. मागची वाटी गेली, तर द्रव पेडलाच्या दांड्यावरून ओघळतो. पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. पुढची वाटी गेली, तर बाहेर एक थेंबही दिसत नाहीं आणि पातळीही उतरत नाहीं, कारण द्रव आंतल्या आंत मागें परततो. ही गळती ओळखण्याचा उपाय असा: गाडी उभी असतांना पेडल एकसारखें दाबून मिनिटभर धरावें. तें पायाखालीं हळूहळू बुडूं लागलें आणि बाहेर कोठें ओल नसली, तर चोर तेथें आहे.

दुरुस्तीनंतर नळ्यांतील हवा काढावी लागते. आमच्या घरीं हें काम दोघांचें आहे. पत्नी पेडलावर बसते, मी चाकाजवळ. निपलला पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक थोडा द्रव घातलेल्या कांचेच्या बरणींत बुडवितों. मी “दाब” म्हणतों, ती दाबते; मी निपल अर्धा फेरा उघडतों, बुडबुडे येतात; निपल बंद करून “सोड” म्हणतों. हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडा असतांना पेडल सुटलें, कीं काढलेली हवा परत आंत. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. गाडीच्या पुस्तकांत निराळें सांगितलें असेल, तर तें प्रमाण मानावें. वरची कुपी मध्येंच रिकामी होऊं देऊं नये. बरणींत जमलेला द्रव पुन्हां वापरूं नये, आणि अर्धी उघडी डबी पुढच्या वर्षीसाठीं राखून ठेवूं नये; तिनें एव्हांना आपल्या वांट्याचा पावसाळा पिऊन घेतलेला असतो.

एक बारीक सूचना, जी मला फार उशिरां समजली. जुन्या मास्टर सिलिंडरवर हवा काढतांना पेडल तळापर्यंत रेटूं नये. रोजच्या वापरांत दट्ट्या जेथवर जातो तेवढीच भिंत गुळगुळीत राहिलेली असते. त्यापुढच्या भागांत वर्षांचा गंज असतो, आणि एकदां तेथवर गेलेली वाटी आपली कड फाडूनच परत येते. हवा काढावयास बसलें आणि नवीच गळती पदरीं पडली, असें होतें तें यामुळें. मी पेडलाखालीं लांकडाचा एक ठोकळा ठेवतों.

कांहीं हौशी लोक सिलिकॉनच्या डॉट-५ द्रवाविषयीं विचारतात. तो रंग उचलत नाहीं व ओलावा शोषीत नाहीं, हें खरें. परंतु तो नेहमींच्या द्रवांत कदापि मिसळूं नये, आणि आंत शिरलेलें पाणी त्यांत विरघळत नसल्यानें तें खोलगट जागीं सांठून राहतें. प्रदर्शनांत उभ्या राहणाऱ्या गाडीस तो शोभत असेल. रस्त्यावर धांवणाऱ्या गाडीस मी डॉट-३ किंवा डॉट-४ च घालतों आणि दर दोन वर्षांनीं सगळा बदलतों. त्या बदलाचा खर्च फारसा नाहीं.

काम झाल्यावर लगेच हमरस्त्यावर जाऊं नये. पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरावें, सर्व जोड बोटानें चांचपून पाहावे, मग रिकाम्या जागेंत हळू चालवून ब्रेक लावून पाहावे, आणि त्या रात्रीं चारही चाकांखालीं कांहीं अंथरून ठेवावें. ज्यांनीं हें काम पूर्वीं कोणाच्या हाताखालीं केलेलें नाहीं, त्यांनीं तें जाणत्याकडून करवून घ्यावें. मात्र जवळ उभें राहावें आणि सिलिंडरची भिंत स्वतः पाहण्याचा आग्रह धरावा.

आमच्या गाडीखालीं दर रविवारीं रात्रीं जुन्या परातीं सरकविण्याचा नेम अजून चालूं आहे. गेल्या आठवड्यांत सकाळीं एकींत थेंब होता. पत्नीनें तो माझ्या आधीं पाहिला आणि पाण्याची वाटी घेऊन बाहेर आली. थेंब सोडला, तो तरंगला. इंजिनाचें तेल होतें. तें प्रकरण निराळें.